लहान बुडबुड्यात दाब जास्त

इंदापुरात बुद्धघोष ओहोळ सरांचं घर विचारलं तर माणूस जरा घुटमळतो. ‘फेसवाले सर’ म्हटलं की लगेच हात करून दाखवतो: त्या गल्लीत वळा, साबणाच्या पाण्याचा वास आला की थांबा. मी त्यांच्याच ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचो, ते फिजिक्स. आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये एकच भिंत होती आणि तीही काही जाड नव्हती. माझ्या कवितेच्या तासाला पलीकडून पृष्ठताण ऐकू यायचा.

सरांना सगळं फिजिक्स येत होतं, पण जीव जडला होता तो या एकाच धड्यावर. पाण्याचा पृष्ठभाग ताणून बसवलेल्या कातड्यासारखा वागतो, म्हणून थेंब गोल होतो, म्हणून डबक्यावर किडा चालतो, म्हणून साबणाचा फुगा होतो. पुस्तकात हा धडा चार-सहा पानांत आटपतो. सरांचा दिवाळीपर्यंत चालायचा.

त्यांचा एक ठरलेला प्रयोग होता. मधे तोटी असलेली काचेची नळी घ्यायची. तिच्या एका टोकाला साबणाचा मोठा फुगा धरायचा, लिंबाएवढा. दुसऱ्या टोकाला छोटा, बोराएवढा. मग वर्गाला विचारायचं, आता मधली तोटी उघडली तर काय होईल? पोरं भली असतात. मोठा छोट्याला हवा देईल आणि दोघं सारखे होतील, असं सगळा वर्ग एका सुरात सांगायचा. सर तोटी उघडायचे. बोराएवढा फुगा आणखी बारीक व्हायचा आणि बघता बघता दिसेनासा व्हायचा. लिंबाएवढा फुगून मोसंब्याएवढा.

“लहान बुडबुड्यात दाब जास्त,” सर म्हणायचे. “जास्त दाबाकडून हवा कमी दाबाकडं जाते. म्हणून लहान मरतो आणि मोठा फुगतो. निसर्गाला वाटणी येत नाही, बाळांनो.”

हा नियम त्यांनी साबणापुरता ठेवला असता तर काहीच तक्रार नव्हती. आमचे प्राचार्य उंचीनं बेताचे होते आणि पटकन भडकायचे. सर त्याचंही कारण त्यांच्या त्रिज्येत शोधायचे, तेही स्टाफरूममध्ये, प्राचार्य दारात उभे असताना.

घरी वेगळीच तऱ्हा. त्यांच्या बायकोला, विशाखावहिनींना, भांडी घासायचं लिक्विड तांदळाच्या डब्यात पुरून ठेवावं लागायचं. सरांची म्हातारी आई पुतळाबाई ओसरीवर बसून आल्यागेल्याला सांगायची की, लेकाला ल्हानपणी अंगाला लावायला साबण मिळाला न्हाय, म्हणून आता उतारवयात हौस भागवून घेतोय. बाहेरून आलेल्या माणसाला हे एकदम पटायचं.

सरांची एकुलती लेक पायल. इंजिनिअर झाली आणि बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला लागली. तिथंच कऱ्हाटीचा सार्थक होता. दोघांनी आपसात ठरवलं आणि घरच्यांना बघण्याचा कार्यक्रम करायला लावला, म्हणजे घरच्यांना आपणच ठरवल्यासारखं वाटावं. सार्थकचे वडील भानुदासराव कऱ्हाटीचे बागायतदार. ऊस, थोडा कांदा, दोन म्हशी. धिप्पाड माणूस, मोजकं बोलणार आणि बोलले की विषय संपणार.

पाहुणे आले, जय भीम झाला, पोहे आले. भानुदासरावांनी सहज म्हणून विचारलं, सर, तुमी काय शिकवता? विशाखावहिनींनी डोळे मिटले. सर उठून आत गेले ते स्टीलच्या ताटात पाणी घेऊनच आले. पाण्यावर मिऱ्याची पूड भुरभुरली. ती सगळ्या ताटभर पसरली. मग बोटाला साबण लावून त्यांनी मधोमध नुसतं टेकवलं. मिऱ्याची सगळी पूड भेदरलेल्या कोंबड्यांसारखी काठाकडं पळाली.

भानुदासरावांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली.

“पावनं,” ते म्हणाले, “आमी बावीस प्रतिज्ञा घेतल्याली माणसं हाय. असलं मंतरतंतर आमच्यात चालत न्हाय.”

आपल्या घरात, भिंतीवरच्या त्या दोन तसबिरींसमोर, आपल्यालाच कुणी असं सुनावेल हे सरांच्या स्वप्नातही नव्हतं. पण ते रागावले नाहीत. उलट खूश झाले, कारण आता समजावून सांगायला कारण मिळालं. हा मंत्र नाही, साबणामुळं मधल्या पाण्याचा ताण ढिला पडतो आणि काठाकडचं पाणी मिऱ्यांना घेऊन मागं सरतं, असं सांगत सर पाण्यावरून थेंबावर आणि थेंबावरून फुग्यावर गेले. पोहे गार झाले. सार्थक आणि पायल समोरासमोर बसून एकमेकांना मोबाईलवर मेसेज करत होते. शेवटी भानुदासराव उठले आणि म्हणाले, पोरगी पसंत हाय, आता घरी जाऊ द्या. सर आपल्या शिकवण्याचा हा विजय समजत असत. आम्ही कुणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

लग्न छान झालं. दोन्ही घरांचं येणंजाणं सुरू झालं. बिघडलं ते कांद्यावरून.

एका रविवारी सर कऱ्हाटीला लेकीकडं गेले होते. भानुदासराव कांद्यावर करपा रोगाची फवारणी करायच्या तयारीत होते. कांद्याची पात मेणचट असते, तिच्यावर पाण्याचा थेंब गोळी होऊन घरंगळतो. म्हणून औषधात पसरायचं, चिकटायचं एक द्रावण चमचाभर मिसळतात. ते भानुदासरावांनी मिसळलेलं होतं. मग ते चहाला म्हणून घरात गेले. इकडं सर बांधावर एकटेच. त्यांनी पातीवर दव बघितलं, गोल गोल थेंब बघितले, आणि त्यांना राहवलं नाही. न्हाणीघरातून धुण्याची पावडर आणून त्यांनी पंपात टाकली. किती टाकली याबद्दल दोन मतं आहेत. सर म्हणतात मूठभर. भानुदासरावांच्या मते पुडाच रिकामा होता.

भानुदासरावांनी पंप पाठीवर घेतला आणि चालायला लागले. हिंदकळून आत फेस झाला. फेस झाकणातून वर आला, मानेवरून सदऱ्यात उतरला. त्यांना वाटलं घाम. वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत माणूस पाठीमागून कापसाच्या गाठोड्यासारखा दिसायला लागला होता. बांधावर बायका खुरपं टाकून हसत होत्या. भानुदासराव मागं वळून बघायचे, तर त्यांची पाठही त्यांच्याबरोबर वळायची, त्यामुळं बायका कशाला हसतायत ते त्यांना काही कळेना.

तेवढ्यावर भागलं असतं. पण चार दिवसांत फवारलेल्या दोन वाफ्यांची पात शेंड्याकडून पांढरी पडून करपली. सरांनी फोन करून माफी मागितली, आणि माफीच्या पुढच्याच वाक्यात, साबणाचं प्रमाण वाढलं की पानावरचं मेण कसं सुटतं हे सांगायला सुरुवात केली. भानुदासरावांनी फोन ठेवला तो ठेवलाच. सणावाराला दोन्ही घरं एकत्र आली तरी हे दोघं दोन टोकांना बसायचे आणि चटणी पाहिजे असली तरी पायलमार्फत मागायचे.

असं वर्षभर चाललं. मग पायलला दिवस गेले. सातवा सरून आठवा नुकता लागला होता. एका दुपारी सर वर्गात होते, मी शेजारी. सार्थकचा फोन आला की पायलला कळा सुरू झाल्यात, बारामतीला दवाखान्यात नेलंय. माझ्याकडं गाडी होती म्हणून मी निघालो. सर पुढं, विशाखावहिनी मागं. उसाचे दिवस. निमगाव केतकीपासूनच पुढं दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. सर सारखे बोलत होते. टायरमधला दाब, ट्रॉलीच्या चाकातला दाब, आणि आपण ओव्हरटेक करावं की नाही. लासुर्ण्यापाशी विशाखावहिनी मागून शांतपणे म्हणाल्या, अहो, आता पुरे.

आम्ही पोचलो तेव्हा बाळ झालेलं होतं. मुलगी. पायल बरी होती. मुलीला आत काचेच्या खोलीत ठेवलं होतं. बाहेर बाकावर एका टोकाला भानुदासराव बसलेले, धोतराचा सोगा मांडीवर गच्च धरून. सर दुसऱ्या टोकाला बसले.

थोड्या वेळानं लहान मुलांच्या डॉक्टर माधवी बाहेर आल्या. तरुण, चष्म्याच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं. बाळाला श्वास जड जातोय. फुप्फुसात हवेच्या अगदी बारीक बारीक पिशव्या असतात, लाखोंनी. त्यांना आतून पाण्याचा ओलसर थर असतो. त्या पाण्याचा ताण पिशवी मिटवायला बघतो. दिवस भरले की शरीर स्वतःच साबणासारखा एक पदार्थ तयार करतं आणि हा ताण कमी होतो. ही मुलगी लवकर आली, तिच्याकडं तो पुरेसा नाही. त्यामुळं लहान पिशव्या मिटतायत. तोच पदार्थ औषध म्हणून मिळतो. बारीक नळीतून आम्ही तो फुप्फुसात सोडतोय.

सार्थकनं सही केली. डॉक्टर आत गेल्या.

आम्ही सगळे सरांकडं बघायला लागलो. आयुष्यभर ज्यासाठी माणूस थांबला होता तो धडा आपल्या पायानं चालत त्यांच्यासमोर आला होता, आणि सर एक अक्षर बोलत नव्हते. ते भिंतीला हात लावून हळूहळू बाकावर बसले. आम्हाला जे अर्धवट कळलं होतं ते त्यांना पुरतं कळलं होतं. बोराएवढा फुगा त्यांनी किती वर्षं हौसेनं मरताना दाखवला होता.

भानुदासराव बाकावरून सरकत सरकत जवळ आले. दीड वर्षात पहिल्यांदाच ते थेट बोलले.

“पावनं, ही काय म्हणली? तुमचाच इषय हाय न्हवं?”

सरांनी मान हलवली.

“मग सांगा की. आमाला काय उमगलं न्हाय.”

सरांनी हळू आवाजात, पहिल्यांदाच एका वाक्यात सांगितलं, “तिच्या फुप्फुसातल्या पाण्याला साबण कमी पडलाय, तो बाहेरून घालणार आहेत.”

“साबण?”

“साबणासारखंच काहीतरी. औषधच आहे.”

भानुदासराव विचारात पडले. मग ताडकन उठले, काचेच्या दारापाशी गेले आणि दार ठोठावलं. एक नर्स बाहेर आली, मोना सिस्टर. काय झालं म्हणून विचारलं. भानुदासरावांनी हात जोडले.

“बाई, ते औषध मापूनच घाला बरं का. आमच्या या व्याह्यानं कांद्याचे दोन वाफे घालवलेत.”

मोना सिस्टरनं त्यांच्याकडं बघितलं, मागं बसलेल्या सरांकडं बघितलं, आणि मापूनच घालतो आजोबा, असं सांगून दार लावलं. विशाखावहिनींनी तोंडाला पदर लावला. त्या रडतायत असं समजून सार्थक पुढं झाला, तर त्या हसत होत्या. मग दोन्ही सुरू झालं, हसणं आणि रडणं, आणि आम्ही सगळेच कुठंतरी दुसरीकडं बघायला लागलो.

वाट बघणं मोठं होतं. भानुदासरावांनी घरून बांधून आणलेलं फडकं सोडलं. भाकरी होती, लसणाची चटणी होती. अर्धी भाकरी मोडून त्यांनी सरांकडं न बघता त्यांच्या बाजूला सरकवली. सरांनी खाल्ली. चटणी पायलमार्फत मागावी लागली नाही.

उन्हं कलताना डॉक्टर माधवी परत आल्या. औषध लागू पडतंय, श्वासाबरोबर छाती आत ओढली जाणं कमी झालंय, पण काही दिवस नाकाला नळी लावून थोड्या दाबानं हवा द्यावी लागेल, असं त्या म्हणाल्या. काचेतून बघायला परवानगी मिळाली. आत एवढीशी मुलगी, मूठ गालाशी. नाकाला नळी. त्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या एका बाटलीत बुडवलेलं, आणि त्यातून बुडबुडे येत होते, बुडुबुडु, न थांबता.

सरांनी कपाळ काचेला टेकवलं. मग त्यांच्यातला मास्तर हळूहळू परत आला. त्यांनी मोना सिस्टरना विचारलं, नळी पाण्यात किती खोल बुडवलीय? पाच सेंटिमीटर का? म्हणजे फुप्फुसात पाच सेंटिमीटर पाण्याचा दाब, नळी खोल केली की दाब वाढणार, वर घेतली की कमी, काय साधी युक्ती आहे बघा. सिस्टर म्हणाल्या, सर, आम्हाला रोज तेच काम आहे, आता तुम्ही बाहेर बसा. सर बाहेर बसले. बाहेर वॉचमन होता. वॉचमनला सांगितलं.

पुढं सर रोज कॉलेज सुटलं की बारामतीच्या एसटीत बसायचे. त्या बाहेरच्या बाकांवर आणखी काही बाळांची माणसं असायची. दौंडकडची, फलटणकडची, काळजीनं चेहरे उतरलेली. आत बाटलीत बुडबुडे कशाला सोडलेत, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसायचं. सर सांगायचे. आवाज लहान ठेवायचे, कारण वॉचमननं तशी अट घातली होती. पण एखाद्या बाईनं घाबरत विचारलं की आमच्या पोराचे बुडबुडे मघापेक्षा कमी दिसतायत का, तर ते आपलं मत द्यायचे नाहीत. उठून मोना सिस्टरना बोलावून आणायचे. एवढी वर्षं शेजारी राहून मला माहीत नव्हतं की या माणसाला कुठं थांबायचं हे कळतं.

भानुदासरावही रोज यायचे. ते शिकवायचे नाहीत, फक्त काचेपाशी उभे राहून बाटलीकडं बघायचे, बुडबुडे चालू हायत न्हवं, एवढीच खात्री करायचे आणि उसाला पाणी धरायला परत जायचे. एकदा बाटली बदलायला सिस्टरनी नळी क्षणभर उचलली, बुडबुडे थांबले, आणि भानुदासरावांनी तिथंच मटकन खाली बसकण मारली. त्यांना उठवायला सर आणि वॉचमन दोघं लागले.

मुलगी तगली. वजन घेतलं, नळी निघाली, घरी आली. नाव अनोमा ठेवलं. सरांनी दोन-तीन शास्त्रीय नावं सुचवली होती, ती पुतळाबाईंनी एका नजरेत नामंजूर केली.

आता अनोमा तीन वर्षांची आहे. मागच्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं तेव्हा पुतळाबाईंनी हट्ट धरला की, माहेर बघायचं. त्यांचं माहेर पळसदेवचं, धरणात बुडालेलं; पाणी खाली गेलं की जुनं देऊळ वर येतं आणि त्याच्या मागं कुठंतरी त्यांची वस्ती होती. म्हणून सगळे एका सकाळी होडीत बसलो. सर, वहिनी, भानुदासराव, पायल, सार्थक, पुतळाबाई आणि अनोमा. मलाही बोलावलं होतं. होडी रामहरी नावाच्या मासेमाराची होती.

देवळाच्या अलीकडं उथळ पाण्यात फ्लेमिंगो उतरले होते, गुलाबी पांढरा नुसता गालिचा. तिथं आधीच एक होडी उभी होती. त्यात पुण्याहून आलेली माणसं, हिरवे-खाकी कपडे, हाताएवढाल्या लेन्सेस, आणि कुणी श्वासही मोठ्यानं घेत नव्हतं. त्यांनी आम्हाला ओठांवर बोट ठेवून खूण केली. आम्ही गप्प झालो. रामहरीनं वल्हं वर घेतलं.

अनोमानं पक्षी बघितले. दोन्ही हात वर केले. आणि ओरडली. आनंदानं ओरडली, पण ते आनंदाचं ओरडणं पक्ष्यांना कसं कळावं. सगळा गालिचा एकदम उचलला गेला आणि पंखांखालची लाल रंगाची झाक दाखवत आमच्या डोक्यावरून पलीकडच्या तीराला गेला. ते जाईपर्यंत अनोमा ओरडतच होती, मधे दम न घेता.

समोरच्या होडीतल्या एकानं कॅमेरा मांडीवर ठेवला आणि काका, पोरीला जरा आवरा की, असं वैतागून म्हणाला.

भानुदासराव आपल्या होडीत उभे राहिले. होडी एका अंगाला कलली.

“तिला कोन न्हाय आवरायचं,” ते म्हणाले. “वरडू द्या तिला. पोटभर वरडू द्या.”

समोरच्या माणसाला काय कळलं असेल कोण जाणे. पायलनं मुलीला घट्ट जवळ ओढलं. होडी आणखी कलली, पुतळाबाईंच्या पायाशी पाणी आलं, तसं सरांनी भानुदासरावांच्या धोतराचा सोगा धरून त्यांना खाली ओढलं.

“बसा, भानुदासराव,” सर म्हणाले. “बसा आधी. बुडवाल सगळ्यांना.”

भानुदासराव बसले. रामहरीनं वल्हं पाण्यात घातलं आणि होडी देवळाकडं निघाली.